रुळाशेजारची वाट

लोह्यात रेल्वे नाही. मग लोह्याच्या वसंत व्याख्यानमालेत रेल्वेच्या जमिनीवर बोलायचे कशाला, असे विषय जाहीर झाल्यावर दोघातिघा मित्रांनी विचारले. रेल्वे नाही म्हणूनच, असे मी त्यांना सांगितले. ज्या गावच्या शिवारातून रूळ गेला, त्या गावाने आता वाटेबद्दल बोलून हाती फारसे लागत नाही. ज्या गावातून तो अजून जायचा आहे, त्याला बोलायला सवड आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूर करीत लातूर रोडला मिळणाऱ्या रेल्वेची मागणी आपल्या भागात जुनी आहे. त्या मागणीची जी निवेदने माझ्या पाहण्यात आली, त्यांत स्टेशन कोठे असावे, गाड्या किती असाव्यात, शेतमाल कसा जाईल, याची चर्चा आहे आणि ती योग्यच आहे. पण रूळ आल्यावर पायी चालणाऱ्या माणसाने कोठून चालायचे, हा प्रश्न त्यांपैकी एकातही मला दिसला नाही. मी बोलणार आहे तो त्याच माणसाच्या वाटेविषयी. ती वाट कागदावर केव्हा आणता येते आणि केव्हा येत नाही, याविषयी.

प्रथम रेल्वेची जमीन म्हणजे काय ते पाहू. रेल्वेचा मार्ग म्हणजे केवळ दोन रूळ नव्हेत. रुळांखाली स्लीपर, स्लीपरांखाली खडी, खडीखाली मातीचा भराव, भरावाच्या दोन्ही अंगांना उतार, उताराच्या पायथ्याशी पाणी काढून नेणारी चर, आणि त्यापलीकडे हद्दीचे दगड. हा सगळा पट्टा रेल्वेचा. खडीच्या कडेला, भरावाच्या माथ्यावर, जी हात-दोन हात सपाट जागा उरते तिच्यावरून रेल्वेचा चावीवाला रोज चालतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात झेंडी, असा तो आपल्या वाट्याचे पाच-सहा किलोमीटर अंतर पायी तपासतो, सैल झालेली चावी ठोकून बसवतो, रुळाला तडा गेला असेल तर गाडी थांबवतो. म्हणजे प्रत्येक रेल्वेच्या कडेला एक पायवाट मुळातच असते आणि ती कामगाराच्या पायांनी पडलेली असते. गावकरी तिच्यावर मागाहून येतो.

तो येतो यात नवल नाही. रेल्वेला चढ सोसत नाही. शंभर फुटांत एक फुटाहून जास्त चढ शक्यतो घ्यायचा नाही, असा तिचा हिशेब असतो. म्हणून टेकडी आली की ती कापायची, सखल आले की भराव घालायचा, ओढा आला की पूल बांधायचा. सरळ, सपाट, ओढ्यानाल्यांवर पूल असलेली अशी वाट आपल्या काळ्या रानात दुसरी कोणती आहे? पावसाळ्यात पाणंदीतून बैल गुडघाभर रुततात, तेव्हा भराव कोरडा असतो. शाळेची मुले, बाजाराला निघालेल्या बाया, रानातून परतणारा गडी, हे सगळे भरावावर चढतात. त्यांना कायदा मोडण्याची हौस नसते. त्या टापूत चालण्याजोगी जागा तेवढीच असते.

याचे सर्वांत दारुण उदाहरण आपल्या मराठवाड्यातच घडले. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. ते मध्य प्रदेशातले होते, जालन्याला पोलादाच्या कारखान्यात काम करीत होते, आणि टाळेबंदीत काम बंद पडल्यावर गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने रात्रभर रुळांच्या कडेने चालत आले होते. थकून रुळांवरच पडले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. त्यांच्या भाकरी रुळांमध्ये विखुरल्याचे छायाचित्र सगळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवसांत रस्त्याने जाणाऱ्याला नाक्यानाक्यावर अडवीत होते आणि रुळाला नाका नव्हता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादला जाणारा हा मार्ग १९०१ पर्यंत पुरा झाला. निजामाच्या राज्यातली ही गोदावरी खोऱ्याची रेल्वे. म्हणजे या मार्गाला तेव्हा जवळजवळ एकशेवीस वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत त्या पट्ट्यालगत पायी चालणाऱ्याची हक्काची वाट असावी, हा विचार कोणत्याही सरकारच्या कागदावर उतरला नाही, निजामाच्या नाही की आपल्या नाही.

कायद्याच्या भाषेत त्या सोळा जणांना आगंतुक म्हणतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४७ सांगते की, अधिकाराशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. ज्या रुळावर ताशी शंभर किलोमीटरने गाडी धावते, तेथे माणूस नसावा हे उघड आहे. युनियनचे काम करताना रुळावर मेलेल्या गँगमनच्या घरी जाण्याचा प्रसंग आलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रश्न असा की, रूळ येण्यापूर्वी त्याच जमिनीतून लोक चालत होते त्या वाटांचे काय झाले? त्या कोणत्या दिवशी, कोणत्या कलमाने बुडाल्या?

त्या भूसंपादनाच्या दिवशी बुडतात. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात एक वाक्य होते: जमीन ताब्यात घेतली की ती सर्व बोजांपासून मुक्त होऊन सरकारात जमा होते. बोजा म्हटले की आपल्याला सोसायटीचे कर्ज आठवते. पण कायद्याच्या अर्थाने वाटेचा हक्क, पाण्याचा हक्क, गुरे नेण्याचा हक्क, हे सगळे बोजेच. शेताच्या मालकाला मावेजा मिळाला आणि त्याने सही केली की त्या शेतातून शंभर वर्षे चाललेली वहिवाट त्याच क्षणी संपते. चालणाऱ्याला कोणी विचारीत नाही, कारण चालणाऱ्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते. २००८ साली रेल्वे कायद्यात भूसंपादनाचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. हल्ली नव्या मार्गांसाठी बहुधा तीच पद्धत वापरतात, आणि तीतही हे बोजामुक्तीचे वाक्य तसेच आहे.

वहिवाटीचा कायदा आहे ना, असे येथे कोणी म्हणेल. आहे. १८८२ च्या त्या कायद्याप्रमाणे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो. जमीन सरकारची असेल तर तीस वर्षे लागतात. पण रेल्वेच्या हद्दीत चालणे हाच गुन्हा ठरवल्यावर तीस वर्षे चालले काय आणि साठ वर्षे चालले काय; मनाई असलेल्या कृत्यातून हक्क उभा करायला कोर्ट सहसा तयार होत नाही. रूळ पडण्यापूर्वीची वहिवाट भूसंपादनाने संपते आणि नंतरची वहिवाट मुळात सुरूच होत नाही.

या कायद्याचे मूळ इंग्लंडात आहे. तेथे १८३० नंतर रेल्वे कंपन्यांनी गावोगाव जमिनी घेतल्या, तेव्हा जमीनदारांनी पार्लमेंटात आवाज उठवला. आमच्या शेताचे दोन तुकडे झाले, आमची गुरे पलीकडे कशी न्यायची? हे जमीनदार पार्लमेंटात बसत होते, त्यामुळे त्यांचे ऐकले गेले. १८४५ च्या रेल्वे कलमांच्या कायद्यात लिहिले गेले की, कंपनीने लगतच्या जमीनमालकांसाठी फाटके, पूल, मोऱ्या आणि जाण्यायेण्याच्या वाटा स्वखर्चाने करून द्याव्यात. मात्र मार्ग सुरू झाल्यापासून पाच वर्षांनंतर नवीन मागणी करता येणार नाही. हेच कलम थोड्या फरकाने १८९० च्या हिंदुस्थानच्या रेल्वे कायद्यात आले. पाचाची दहा वर्षे झाली, एवढीच आपल्यावर मेहेरबानी. १९८९ च्या कायद्यात ते सोळावे कलम म्हणून आजही आहे: मार्ग सार्वजनिक वाहतुकीस खुला झाल्यापासून दहा वर्षांनंतर अशी जादा कामे करून देण्यास रेल्वे बांधील नाही. पुढे कोणाला मोरी किंवा फाटक हवे असेल, तर शेतकऱ्याने, ग्रामपंचायतीने अथवा राज्य सरकारने स्वतःचा पैसा भरून मागावे.

या कलमात आणखी दोन खाचा आहेत, आणि त्या समजून घेण्यासाठी आपल्या गावांनी एखाद्या जाणत्या वकिलाला जरूर बसवावे. पहिली अशी की, कलम लगतच्या जमिनींचे मालक आणि कब्जेदार यांच्यासाठी आहे. भूमिहीन मजूर, शाळेचे मूल, यात्रेकरू यांचा त्यात उल्लेख नाही. दुसरी अधिक वाईट. वाट किंवा मोरी न देण्याच्या बदल्यात मालकाने पैसे घेतले असतील, तर रेल्वेची जबाबदारी तेथेच संपते. एका शेतकऱ्याने गरजेच्या वेळी चार पैसे जास्त घेतले, आणि त्याच्या शेतातून रानाकडे जाणाऱ्या वीस घरांची वाट गेली, असे होऊ शकते. त्या शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही. त्याला विचारणाऱ्याने वीस घरांना विचारले नाही.

आता लातूरकडे येऊ, कारण रेल्वेची जमीन हातबदल करते तेव्हा काय होते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. बार्शी लाइट रेल्वे आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या पुष्कळांनी पाहिली असेल. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती उभारली. अडीच फुटांचे अरुंद माप, हलके रूळ. कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत. तेथून बार्शीपर्यंतचा एकवीस मैलांचा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला. १९११ साली ही गाडी निजामाच्या राज्यात लातूरला पोहोचली आणि १९२७ साली दुसऱ्या टोकाने मिरजेला. लातूरच्या अडत बाजाराचा जो बोलबाला झाला, त्यात या छोट्या गाडीचा वाटा मोठा आहे. पंढरीच्या वारकऱ्यांनी तर डब्याच्या टपावर बसूनही तिचा प्रवास केला.

ही कंपनी लंडनची. तिच्याशी सरकारने १८९५ साली करार केला होता, आणि त्यात पुढेमागे रेल्वे विकत घेण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला होता. तो हक्क बजावून भारत सरकारने १ जानेवारी १९५४ पासून ही रेल्वे ताब्यात घेतली. कंपनीने सगळ्या कामगारांना नोटिसा दिल्या की, ३१ डिसेंबर १९५३ रोजी तुमची नोकरी संपली. बहुतेकांना सरकारने दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतले, पण सगळ्यांना पूर्वीच्या शर्तींवर नाही. तेव्हा कामगारांनी कपातीच्या भरपाईची मागणी केली. त्यांचा पुढारी म्हणून के. एन. जोगळेकर लढले, हे तेच, जे १९२९ च्या मीरत खटल्यात आरोपी होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल लागला तो कामगारांविरुद्ध. न्यायालय म्हणाले की, कायद्यात कपात म्हणजे चालू धंद्यातून जादा माणसे कमी करणे. मालकाने धंदाच दुसऱ्याला दिला, तर ती कपात नव्हे, म्हणून भरपाई नाही. एका शब्दाच्या अर्थावर कामगार हरले. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, संसदेने औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती केली. मालकी बदलली तर काय आणि कारखाना बंद झाला तर काय, यासाठी नवीन कलमे घातली आणि ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, लागू केली. आज देशातला कोणताही कारखाना विकला जातो, तेव्हा कामगार जी भरपाई मागतो तिच्यामागे बार्शी-लातूरच्या गाडीचे फायरमन, खलाशी आणि गँगमन उभे आहेत. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात नाही, म्हणून थोडी विस्ताराने सांगितली.

माझ्या विषयाशी तिचा संबंध असा. कामगारांचा हक्क हातबदलात बुडाला, तेव्हा त्यांना युनियन होती, वकील होता, संसदेत बोलणारा कोणीतरी होता. म्हणून बुडालेला हक्क वर्षभरात कलमात आला. त्याच रेल्वेच्या कडेने चालणाऱ्यांची युनियन नव्हती. पुढे रुंदीकरण आले. लातूर ते उस्मानाबाद मार्ग २००७ साली आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी २००८ साली रुंद झाला. उस्मानाबाद शहर, म्हणजे आजचे धाराशिव, जुन्या अरुंद मार्गावर नव्हते; ते जोडून घेण्यासाठी मार्ग वळवला गेला. लातूरचे नवे स्टेशनही गावातल्या जुन्या स्टेशनाहून दूर गेले. त्यामुळे जुन्या मार्गाचे काही तुकडे रुळांवाचून राहिले. लातूर शहरात ‘जुनी रेल्वे लाइन’ हा पत्त्यातला शब्द होऊन बसला; रूळ गेले, नाव राहिले.

अशा उघड्या पडलेल्या पट्ट्यावर लोकांचा काय हक्क? जमीन रेल्वेची, म्हणजे केंद्र सरकारची. ती मूळ शेतकऱ्याकडे परत जात नाही आणि आपोआप गावाचीही होत नाही. २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून रेल्वेच्या मोकळ्या जमिनीचा व्यापारी उपयोग करण्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापले गेले. त्याचे काम त्या जमिनीतून पैसा उभा करणे, हे नावातच स्पष्ट आहे. नगरपालिकेने वाट मागितली, तर रेल्वेच्या शब्दकोशात त्यासाठी ‘वे-लीव्ह’ नावाची सोय आहे. तिचा अर्थ असा की, ठरलेल्या कामापुरता जागेचा मर्यादित वापर करू द्यायचा. पण ताबा नाही, मालकी नाही आणि रेल्वेच्या हक्काला धक्का नाही. म्हणजे ही परवानगी झाली, हक्क नव्हे. साहेबाने तोंडी दिलेली रजा आणि करारात लिहिलेली रजा, यांतला फरक गिरणीतल्या माणसाला सांगावा लागत नाही. तोंडी रजा साहेब बदलला की जाते.

हा पेच जगात इतरत्र कसा सुटला, ते पाहण्यासाठी थोडे अमेरिकेत जावे लागते, कारण रुळांच्या जागी किंवा रुळांच्या कडेने सार्वजनिक वाटा काढण्याचे काम तेथेच सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाले. शिकागोजवळ एक विजेवर चालणारी रेल्वे होती: शिकागो, ऑरोरा आणि एल्जिन. मोटारींपुढे तिचे चालेना. ३ जुलै १९५७ रोजी भर दुपारी कंपनीने प्रवासी गाड्या एकदम बंद केल्या. सकाळी शहरात कामाला गेलेली माणसे संध्याकाळी परतायला स्टेशनवर आली, तर गाडी नाही! पुढे मालगाड्याही थांबल्या आणि रूळ उखडले गेले. मोकळ्या पट्ट्यावर अनेकांचे डोळे होते. तेव्हा मे वॉट्स नावाच्या सत्तरीच्या एका निसर्ग-अभ्यासक बाईंनी १९६३ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिले की, ही पट्टी विकली जाण्यापूर्वी पायी चालणाऱ्यांसाठी राखा. त्या पत्राभोवती माणसे जमली, संस्था झाली. जमीन काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या मंडळाकडे आली, आणि काउंटीने ती रीतसर भाडेपट्ट्याने वाटेसाठी दिली. तिला ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ म्हणतात. त्याच सुमारास शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याने एलरॉय ते स्पार्टा हा बत्तीस मैलांचा सोडलेला रेल्वेमार्ग, तीन बोगद्यांसह, सरळ विकत घेऊन वाटसरूंना खुला केला.

पण बाईंचे पत्र म्हणजे कायदा नव्हे, आणि अमेरिकेतही पुढे कायद्याची अडचण उभी राहिलीच. तेथे कित्येक ठिकाणी रेल्वेने जमीन विकत घेतलीच नव्हती. शेतकऱ्याकडून फक्त रूळ नेण्याचा हक्क घेतला होता. रेल्वे बंद झाली की तो हक्क संपे, आणि जमीन शेजारच्या शेतकऱ्याची होई. मग सलग मार्गाचे शंभर तुकडे पडत. एकदा तुकडे पडले की वाटही गेली आणि उद्या रेल्वे पुन्हा हवी झाली तर तिची जागाही गेली. यावर १९८३ साली अमेरिकन काँग्रेसने युक्ती काढली. पट्टा उद्याच्या रेल्वेसाठी राखून ठेवायचा आणि दरम्यान त्यावर लोकांनी चालायचे, असा करार झाला, तर रेल्वेने मार्ग ‘सोडला’ असे धरायचेच नाही. जणू रेल्वे पेढीत ठेव म्हणून ठेवली. शेजारच्या जमीनमालकांनी आव्हान दिले. व्हर्मॉन्ट राज्यातल्या प्रिसो नावाच्या कुटुंबाच्या खटल्यात १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. पण ज्यांची जमीन खरोखरच गेली, त्यांनी सरकारकडे भरपाई मागावी, असाही रस्ता ठेवला, आणि पुढे १९९६ साली त्या कुटुंबाच्या बाजूने तसा निकालही लागला. मला हा शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक वाट हवी म्हणून शेतकऱ्याची जमीन फुकट घ्यावी, असे मी कधी म्हणणार नाही. वाट लोकांची, तर तिचा दामही लोकांच्या तिजोरीतून गेला पाहिजे. २०१४ साली वायोमिंगमधल्या एका प्रकरणात तर सरकार हरले, कारण १८७५ च्या कायद्याने रेल्वेला दिला होता तो केवळ जाण्याचा हक्क होता, जमीन नव्हे. मूळ कागदात काय लिहिले होते, याचा निकाल सव्वाशे-दीडशे वर्षांनी लागतो, तो असा.

आपली स्थिती अमेरिकेच्या नेमकी उलटी आहे. तेथे रेल्वेकडे जमीन नव्हती म्हणून वाट अडली. येथे रेल्वेकडे जमीन पूर्णपणे, बोजामुक्त आहे, म्हणून तुकडे पडण्याचे भय नाही. पट्टा अखंड राहतो. तो अखंड राहून कोणाच्या उपयोगी पडायचा, एवढेच ठरायचे असते, आणि ते ठरवण्याच्या वेळी गाव हजर नसते.

इंग्लंडातल्या मजुरांनी या बाबतीत एक चांगली शिस्त घालून दिली आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर भागातल्या तरुण कामगारांनी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर सामुदायिक प्रवेश केला. डोंगर श्रीमंतांच्या शिकारीसाठी राखलेला होता. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन. वय वीस-एकवीस, मोटारदुरुस्तीचे काम करणारा. त्याच्यासह पाच जणांना कैद झाली. या लढ्याची गाणी झाली, पण माझ्या मते खरे फळ १९४९ साली आले. त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक काउंटीवर बंधन घातले की, आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक पायवाटा मोजून नकाशावर उतरवाव्यात. नकाशावर दाखवलेली पायवाट म्हणजे हक्काचा निर्णायक पुरावा. पुढे तेथून रस्ता न्यायचा असो की कारखाना बांधायचा असो, नकाशावरची वाट वळवायची किंवा बंद करायची, तर रीतसर आदेश काढावा लागतो आणि लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. वाट गुपचूप मरत नाही.

आपल्याकडे असा सामान आहे, पण विखुरलेला. गावनकाशावर दोन तुटक रेषांनी गाडीवाट आणि एका तुटक रेषेने पायवाट दाखवण्याची पद्धत जुनी आहे. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते, आणि सहावा महिना बहुधा भाऊबंदांच्या बैठकांत निघून जातो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला देते. २०२५ साली शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घेण्याचे ठरवले, ही माझ्या दृष्टीने या सगळ्यातली मोठी गोष्ट. कारण भूसंपादन अधिकारी सातबारा पाहतो. त्याच्यासाठी सातबाऱ्यावर नसलेली वाट ही वाटच नव्हे.

लोह्याचा प्रश्न येथून सुरू होतो. नांदेड-लातूर हमरस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, आणि मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाला पायी निघणारा माणूस त्याच रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या वाऱ्यात, चालतो. रेल्वे येईल तेव्हा ती याच टापूतून जाईल; नांदेड आणि अहमदपूर यांच्यामध्ये दुसरी जागा नाही. तिच्या हद्दीच्या बाहेर, कुंपणापलीकडे, दहा-बारा फुटांची सलग सेवावाट ठेवली, तर रेल्वेचे काम चालू असताना खडीच्या गाड्यांना ती उपयोगी पडेल आणि पुढे चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्या पोरांना. अशी जमीन मूळ संपादनातच राज्य सरकारने किंवा नगरपालिका-ग्रामपंचायतींनी आपल्या नावावर घेतली, तर ती त्यांची राहते. रेल्वेच्या हद्दीत धरली गेली, तर पुढे वे-लीव्ह मागत फिरावे लागते. आणि ज्या पाणंदी आडव्या तुटतील, त्या प्रत्येकीला मोरी किंवा भुयारी वाट मिळायला हवी. मार्ग खुला झाल्यावर दहा वर्षे असतात खरी, पण भराव घालण्यापूर्वी मोरी बांधायला जो खर्च येतो त्याच्या कितीतरी पट तो भराव फोडून बांधायला येतो, आणि रेल्वेचा इंजिनिअर तसे स्पष्ट सांगून मोकळा होतो.

रेल्वे कायद्यात भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यावर हरकत घेण्यासाठी तीस दिवस आहेत. हरकत कोण घेऊ शकतो? ज्याचा जमिनीत संबंध आहे तो. आणि कायद्याच्या व्याख्येत त्या जमिनीवर वाटेचा हक्क असलेला माणूसही येतो. हे पुष्कळांना ठाऊक नाही. हरकत फक्त मालकानेच घ्यायची, असे समजून वाटेचे हक्कदार घरी बसतात. नुसते ‘आम्ही येथून चालतो’ म्हणून भागत नाही; गट नंबर, वाटेची लांबी-रुंदी, कोठून कोठे जाते, किती वर्षांची आहे, गावनकाशावर आहे की नाही, हे लिहावे लागते. मजुरांच्या वस्तीतली माणसे हे तीस दिवसांत कसे करणार? तलाठ्याकडे एका नकलेसाठी आठवडा जातो.

म्हणून हे काम अधिसूचनेपूर्वी करून ठेवायचे असते. तालुक्यातल्या ज्या गावांच्या शिवारातून मार्ग जाण्याचा संभव आहे ती गावे थोडी आहेत. प्रत्येक गावातून दोन जाणती माणसे, शाळेतली चार मुले आणि मोजणीचा एक टेप, एवढ्यावर गावातल्या सगळ्या वाटा चालून, गावनकाशाच्या नकलेवर मांडता येतात. ग्रामसभेत ती यादी वाचून ठराव करायचा, ठरावाची प्रत तहसील कचेरीत पोच घेऊन द्यायची, आणि ‘इतर हक्क’ रकान्यात नोंदीसाठी अर्ज लावायचा. ज्या वाटेवर भांडण आहे ती वेगळ्या कागदावर लिहावी, लपवू नये. नाहीतर एका भांडणापायी सगळी यादी संशयात येते. तीस दिवस मोजले जातात ते अधिसूचना प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून. चावडीवर बातमी पोहोचल्याच्या तारखेपासून नव्हे.